पांढऱ्या पाडसाचा मदतनिधी

एका जंगलात, बाळांनो, सगळेच्या सगळे प्राणी दानशूर होते.

हसू नका. आणि मी 'बाळांनो' म्हटलं म्हणून नाकही मुरडू नका. तुमच्यातल्या निम्म्यांचे केस पिकलेत, ते मला इथून दिसतंय. पण परवा कुठल्याशा अनोळखी नंबरवर डोळे पुसत पुसत पैसे कुणी पाठवले, तेही मला ठाऊक आहे. तेव्हा मांडी घाला आणि गुमान ऐका.

तर त्या जंगलात मोहाची झाडं फार. उन्हाळ्यात मोहफुलांचा सडा पडायचा. प्राणी ती फुलं वेचायचे, वाळवायचे आणि टोपल्यांत भरून ठेवायचे. पुढं वर्षभर तेच खायचं आणि तेच द्यायचं-घ्यायचं. तिथं नोट नव्हती, नाणं नव्हतं. मोहफूल हाच पैसा. ज्याच्या घरी टोपल्या जास्त, तो मोठा. तुमच्याकडंही तसंच असतं, फक्त वास येत नाही.

आणि त्या जंगलात पुकाऱ्याची पद्धत होती. कुणी दान दिलं, की हुप्प्या नावाचा वानर उंच सागावर चढायचा. छाती फुगवायचा. आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असा ओरडायचा, "आपल्या जंगलाचे आधारस्तंभ श्रीमान गवेपाटील यांच्याकडून, त्यांच्या कैलासवासी आजोबांच्या स्मरणार्थ, एक टोपली मोहफुलं सप्रेम भेट! मंडळ त्यांचं आभारी आहे!"

कसलं मंडळ, हे कुणी विचारत नसे.

खरं तर वाघ दिसला की ओरडायचं, हे हुप्प्याचं मूळ काम. पण पुकारा चालू असला की वाघालाही थांबावं लागे.

गवेपाटील म्हणजे गवा. अंगानं आडदांड, कपाळानं रुंद, स्वभावानं हळवा. आपलं नाव पुकारलं जात असताना तो डोळे मिटून उभा राहायचा. मध्येच कुणी शिंकलं, खोकलं, तर डोळे न उघडताच म्हणायचा, "हुप्प्या, पुन्हा घे. 'कैलासवासी'पासून घे."

असं सगळं छान चाललं होतं. आता तुम्ही म्हणाल, अशा जंगलात लबाडी करायला कोल्हा येणार. अरे, तुम्ही कुठल्या काळात वावरता? कोल्हा आला की प्राणी टोपल्या आत नेतात आणि दार लावून घेतात. कोल्ह्यांचे धंदे कधीच बसले. त्या जंगलात आला तो भारद्वाज.

भारद्वाज माहीत आहे ना? काळा कुळकुळीत पक्षी, पंख तांबूस विटकरी, डोळे लाल गुंजेसारखे. सकाळी नुसता दिसला तरी आपली माणसं म्हणतात, चला, आज काम होणार. ज्याचं नुसतं दर्शन शुभ, तो दारात येऊन काही मागतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

"अगं बाई, दर्शन झालं, दर्शन झालं!" करत भेकरताई रानभर धावली. भेकर म्हणजे छोटंसं हरीण. ही जरा जास्तच धावायची. थोड्याच वेळात सगळं जंगल सागाखाली जमलं.

भारद्वाज फांदीवर बसला. त्यानं पळसाचं एक मोठं पान उलगडलं. पानावर एका पिल्लाचं चित्र होतं. पिल्लाचा पंख जळलेला. डोळ्यात टपोरा अश्रू. अश्रू पिल्लापेक्षा थोडा मोठाच होता.

"बंधूंनो आणि भगिनींनो," भारद्वाज म्हणाला, "सात डोंगरांपलीकडच्या रानात वणवा लागलाय. लेकरं होरपळलीत. मी 'अखिल होरपळलेली पिल्लं सेवा महामंडळा'कडून आलोय."

"नाव ऐकल्यासारखं वाटतंय," मोरशेट म्हणाले. मोरशेट म्हणजे मोर. त्यांना नाव ऐकल्यासारखं वाटलं, की ती गोष्ट खरी असे.

"आज सूर्य मावळायच्या आत टोपल्या निघाल्या नाहीत, तर ही लेकरं..." इथं भारद्वाजाचा घसा दाटला. तो प्रत्येक जंगलात बरोबर इथंच दाटायचा.

गर्दीच्या कडेला साळूबाई उभी होती. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, म्हणून ती नेहमी कडेलाच उभी राही. एकटी बाई. कंदमुळं उकरून पोट भरायची. पदरी एकच लेक, बारकी. साळूबाईनं हळूच विचारलं, "दादा, हे रान नक्की कुठल्या अंगाला आलं? आणि टोपल्या तिथवर नेणार कोण?"

साधा प्रश्न होता. तुम्ही भाजीवाल्याला याच्यापेक्षा जास्त विचारता. पण भारद्वाजानं मान खाली घातली. तो दुखावल्यासारखा दिसला.

"ताई," तो म्हणाला, "दुःखाचा पत्ता विचारता?"

झालं! सगळं जंगल साळूबाईकडं वळून बघायला लागलं.

"शी!" भेकरताई म्हणाली. "मन म्हणून काही आहे की नाही?"

"साळूबाई," गवेपाटील म्हणाले, "देवाघरचा पक्षी दारात आलाय, आणि तू त्याची उलटतपासणी करतेस? लाज वाटू दे जरा!"

साळूबाईला लाज वाटली. ती घरी गेली आणि आपल्या अर्ध्या टोपलीतली मूठभर मोहफुलं घेऊन आली. ती मूठ काही पुकारली गेली नाही. पुकारण्याजोगी ती नव्हतीच. पण बाकीच्यांची नावं दुपारभर रानात घुमत राहिली. गवेपाटलांच्या आजोबांचं नाव तर त्या दिवशी इतक्यांदा घेतलं गेलं, की आजोबा हयात असताना कुणी इतक्यांदा घेतलं नव्हतं. संध्याकाळी भारद्वाजाचे नातेवाईक आले आणि टोपल्या नाल्यापलीकडं घेऊन गेले. सगळे डोळे पुसत घरी गेले. त्या रात्री जंगलाला फार छान झोप लागली.

पुढच्याच आठवड्यात बारकीचा पाय शिकाऱ्याच्या फासात अडकला.

तारेचा फास होता. साळूबाईनं दातांनी तार तोडली आणि लेकीला सोडवून आणलं. पण पाय सुजला. जखम चिघळली. तिला वास यायला लागला. साळूबाई लेकीला घेऊन वैद्यबुवांकडं धावली.

वैद्यबुवा म्हणजे अस्वल. मध आणि पाल्याचं त्यांचं मलम रामबाण होतं. त्यांनी पाय हुंगला आणि मान हलवली.

"पाय वाचेल," ते म्हणाले. "पण अमावास्येच्या आत मलम लागलं पाहिजे. त्यानंतर माझ्याही हातात काही नाही. पाय काढावाच लागेल. दोन टोपल्या मोहफुलं."

"वैद्यबुवा, माझ्याकडं अर्धीसुद्धा नाही हो. पावसाळा संपला की फेडीन मी. कंद आणून घालीन तुम्हाला, मुळं आणीन."

"बाई, मला काय आनंद होतो का मागताना? पण उधारीनं बरा झालेला पेशंट मला पुन्हा कधी दिसलेला नाही. तो लांबूनच रस्ता बदलतो. आधी टोपल्या आण."

आता बघा, तीन पायांची साळ जंगलात किती दिवस जगेल? वाघ लांबच राहिला, तिला तरससुद्धा सोडणार नाही. साळूबाईला हे ठाऊक होतं. अमावास्या जवळ आली होती. तिनं बारकीला पाल्यावर निजवलं आणि ती निघाली. तिला वाटलं, सात डोंगरांपलीकडच्या पिल्लांसाठी ज्यांनी एवढं दिलं, ते दोन घरं सोडून राहणाऱ्या पोरीला नाही म्हणतील का?

वाटणं वाईट असतं, बाळांनो.

पहिल्यांदा ती गवेपाटलांकडं गेली. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

"साळूबाई, देणं माझ्या रक्तात आहे," ते म्हणाले. "पण असं एकेकट्याला दिलं, की उद्या दारात रांग लागते. तू मंडळामार्फत ये."

"कुठल्या मंडळामार्फत?"

"कुठल्याही. आणि मला सांग, हुप्प्यानं पुकारायचं काय? 'कैलासवासी आजोबांच्या स्मरणार्थ, साळूबाईच्या पोरीच्या पायाला'? शोभेल का ते?"

"पुकारू नका, पाटील. उलट न पुकारलेलंच बरं. मला चारचौघांत लाज वाटते."

पाटील तिच्याकडं बघतच राहिले. न पुकारता कुणी दान मागू शकतं, हे त्यांच्या कपाळात शिरेना. आणि कपाळ एवढं रुंद होतं!

मग ती भेकरताईकडं गेली.

"अगं साळू, मी परवाच दिलं गं वणव्याला," भेकरताई म्हणाली. "हात अगदी रिकामे झालेत. शिवाय हल्ली फसवणूक किती वाढलीय! रागावू नकोस, पण जखम खरी कशावरून? डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नाही हो देत."

"मग चल की बघायला."

भेकरताई आली. नाकाला पान लावून दारात उभी राहिली. बारकी गुणाची पोर. घरी कुणी आलं म्हणून तिनं कशीबशी मान उचलली, हसली आणि म्हणाली, "मावशी, बसा ना."

"अय्या!" भेकरताई म्हणाली. "ही तर हसतेय!"

आणि ती गेली. जाता जाता म्हणाली, "रडली असती तर दिलं असतं गं. पण हसतेय म्हटल्यावर मनाला कसं पटायचं?"

शेवटी साळूबाई मोरशेटांकडं गेली. मोरशेट जंगलातले सगळ्यांत सावध. दान द्यायच्या आधी सगळी चौकशी करायची, असं ते इतरांना नेहमी सांगत.

"तुझ्याकडं प्रमाणपत्र आहे का?" मोरशेटांनी विचारलं.

"कसलं?"

"गरज असल्याचं. नुसती गरज काय, कुणालाही असते. एखाद्या भल्या गृहस्थाची शिफारस आण. भारद्वाजरावांची आण. त्यांनी एक शब्द टाकला, तर मी डोळे झाकून देईन."

आता मोरशेटांचे डोळे आधीपासूनच झाकलेले होते, पण ते जाऊ द्या. साळूबाई बिचारी भारद्वाजाच्या शोधात निघाली. टोपल्या ओढत नेल्याच्या खुणा जमिनीवर होत्या. त्या खुणांवरून ती नाला ओलांडून गेली. नाल्यापलीकडं बांबूचं बेट होतं. बेटातून गाण्याचा आवाज येत होता.

ती आत गेली आणि बघते तर काय! सगळ्या जंगलाच्या टोपल्या तिथं. भारद्वाजाचे मेहुणे, साडू, आतेभाऊ पोटावर पंख ठेवून आडवे पडलेले. मोहफुलं भिजून आंबली होती, आणि ती खाऊन सगळ्या खानदानाला चढली होती. एक मेहुणा तर उलटा चालायचा प्रयत्न करत होता.

"अरे, साळूबाई! या, या!" भारद्वाज म्हणाला. त्याला लाज वगैरे काही वाटली नाही. "बसा. तेवढे काटे सांभाळा, पाहुणे झोपलेत."

"आणि ती होरपळलेली पिल्लं?" साळूबाईनं विचारलं.

"हा काय, एक समोरच आहे." भारद्वाजानं पंखानं मेहुणा दाखवला. मेहुण्यानं ढेकर दिली. "बघवत नाही ना?"

साळूबाई मटकन खाली बसली आणि रडत रडत तिनं बारकीच्या पायाचं, घरोघरी मिळालेल्या उत्तरांचं सगळं सांगून टाकलं. "अहो, माझ्या पोरीच्या तोंडची मूठ दिली होती मी. आता तिचा पाय जायची वेळ आलीय. दोन टोपल्या द्या मला यातल्या. एवढ्या पडल्यात!"

"छे, छे!" भारद्वाज दचकलाच. "मी दान देत नाही. फसायची भीती वाटते."

मग मात्र त्याला काय वाटलं कोण जाणे. तो जरा जवळ सरकला.

"पण एक सांगतो," तो म्हणाला. "सगळ्या जंगलात पत्ता विचारणाऱ्या तुम्ही एकट्या, म्हणून सांगतो. तुमचं चुकतं कुठं माहीत आहे? बारकी त्यांना रोज दिसते. जे रोज दिसतं त्याची दया येत नाही हो, कंटाळा येतो. दया करायला ऐसपैस अंतर लागतं. तुमची जखम खरी आहे, म्हणून तिला वास येतो. माझ्या चित्राला कधी वास आला? आणि तुम्ही लोकांच्या घरोघरी जाता! अहो, एकट्याला गाठलं तर तो विचार करतो. चौघांत गाठलं तर तो शेजाऱ्याची टोपली बघतो. वर तुम्ही म्हणता, पुकारू नका! मग त्यांनी द्यायचं कशासाठी?"

"पोरीसाठी," साळूबाई म्हणाली.

जन्मात पहिल्यांदाच भारद्वाजाला कुणाची तरी खरोखरची कीव आली. पण तो लगेच सावरला.

"हे घ्या," त्यानं पळसाचं एक जुनं पान काढून दिलं. "पांढरं पाडस आहे. गेल्या साली पुरासाठी वापरलं होतं. अश्रू थोडा पुसट झालाय, तेवढा नवा काढा."

साळूबाईनं पान तिथंच टाकलं आणि ती निघाली. आयुष्यात तिनं कुणाला फसवलं नव्हतं. रस्ताभर ती स्वतःशी म्हणत होती, मेले तरी असलं काही करायची नाही.

घरी आली तर बारकी तापानं फणफणली होती. आईची चाहूल लागली, तशी ती डोळे न उघडताच म्हणाली, "आई, हा पाय काढून बाजूला ठेव ना. थोडाच वेळ. फार दुखतोय गं."

साळूबाई तशीच मागं फिरली आणि पान घेऊन आली.

तुम्हाला काय वाटतं, तिनं चूक केली? गप्प बसा. तुमचं मत मी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सागाखाली जंगल जमलं. साळूबाई पान धरून उभी राहिली.

"समुद्रापलीकडं..." तिनं सुरुवात केली आणि तिचा घसा दाटला. हा मात्र खराच दाटला होता. "समुद्रापलीकडं एक पांढरं पाडस आहे. आईला एकुलतं एक. त्याचा पाय फासात सापडलाय हो. सुजलाय, चिघळलाय. रात्रभर कण्हतं. आईला म्हणतं, हा पाय काढून बाजूला ठेव, फार दुखतोय. अमावास्येच्या आत औषध लागलं नाही, तर... तर पाय जाईल त्याचा."

आणि ती हमसून हमसून रडायला लागली. काय खोटं होतं त्यात? रंग आणि पत्ता. बाकी शब्दन् शब्द खरा.

सगळं जंगल रडलं. रानडुकरंसुद्धा रडली. भेकरताईला तर भोवळ आली. तिला पानानं वारा घातला, तेव्हा ती म्हणाली, "अगं साळू, तुझ्या बारकीचंही असंच काहीतरी झालंय ना?"

साळूबाईनं हातातलं पान खाली घेतलं. "हो," ती म्हणाली.

"बघ, तरी तू या पाडसासाठी धावतेस! आणि त्या दिवशी स्वतःच्या पोरीच्या एवढ्याशा दुखण्याचं केवढं घेऊन बसली होतीस. याला म्हणतात मन मोठं होणं."

मोरशेट पुढं आले. "प्रमाणपत्र?"

"चित्र भारद्वाजरावांनी दिलंय," साळूबाई म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला," मोरशेट म्हणाले आणि टोपली आणायला गेले.

साळूबाई मनात एकच धावा करत होती. कुणीतरी विचारा रे. समुद्र कुठं आहे, एवढं तरी विचारा. पलीकडचं तुला कसं कळलं, एवढं तरी विचारा. एकानं जरी विचारलं असतं, तरी तिनं तिथंच सगळं कबूल केलं असतं. पण विचारायला वेळ कुणाला होता? हुप्प्या सागावर चढला होता.

"श्रीमान गवेपाटील यांच्याकडून, कैलासवासी आजोबांच्या स्मरणार्थ एक टोपली, आणि कैलासवासी आजींच्या स्मरणार्थ आणखी एक टोपली, सप्रेम भेट!"

आजींचं नाव या निमित्तानं पहिल्यांदाच निघालं. मग मोरशेटांनी दोन दिल्या, म्हणून पाटलांनी तिसरी आणली. टोपल्यांचा नुसता ढीग लागला.

साळूबाईनं त्यातल्या दोन उचलल्या आणि ती धापा टाकत वैद्यबुवांकडं गेली. वैद्यबुवांनी टोपल्या हुंगल्या, मध काढला, पाला वाटला, मलम लावलं. अमावास्येच्या आत लावलं. बारकी दोन दिवस झोपून होती. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, भूक लागली." चार दिवसांनी पाय टेकला. जरा लंगडत होती, पण चारही पायांवर उभी होती. साळूबाईनं तिला जवळ घेतलं आणि पोटभर रडली. काटे बोचतात म्हणून साळिंदरं एकमेकांना मिठी मारत नाहीत असं म्हणतात. तुम्ही त्यावर विश्वास ठेवू नका.

गोष्ट इथं संपायला हवी होती. शहाण्या बाईनं इथं संपवली असती. पण साळूबाई प्रामाणिक होती, आणि प्रामाणिक बाईला कुठं थांबावं ते कळत नाही.

उरलेल्या सगळ्या टोपल्या तिनं सागाखाली आणून ठेवल्या. सगळ्यांना बोलावलं. हात जोडले.

"पांढरं पाडस नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या बारकीचा पाय होता. मी खोटं बोलले, चुकलंच माझं. दोन टोपल्या लागल्या, त्या मी कंद विकून फेडीन. तुमच्यामुळं माझी पोर वाचली, तुमचे उपकार मी विसरणार नाही. बाकीच्या टोपल्या ज्याच्या त्यानं घरी न्या. आणि सात डोंगरांपलीकडं तुम्ही जे पाठवलं, ते नाल्यापलीकडच्या बांबूच्या बेटात आहे. भारद्वाजाचे मेहुणे खातायत. मी डोळ्यांनी बघितलं."

साळूबाईला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, बारकी कशी आहे?

"परत?" गवेपाटील म्हणाले. "दान परत? अगं, माझ्या आजोबांच्या नावानं पुकारलंय ते! सगळ्या रानानं ऐकलंय! आता टोपली घरी नेली, तर आजोबांना मी काय तोंड दाखवू?"

"मी माहेरी कळवलंय," भेकरताई किंचाळली. "पांढऱ्या पाडसाला मी वाचवलं म्हणून! आता माहेरी काय सांगू? शेजारच्या साळिंदरीला मदत केली म्हणून?"

"आमच्या भावनांशी खेळलीस तू!" मोरशेट म्हणाले.

"पण पोर वाचली हो," साळूबाई म्हणाली. "खरं सांगितलं तेव्हा तुम्ही दिलं नाहीत."

"खरं सांगितलं असतंस तर दिलं नसतं का?" पाटील गरजले.

"सांगितलं होतं, पाटील. तुमच्या दारात येऊन सांगितलं होतं."

उत्तर नसलं की प्राणी जास्त चिडतात. खरं सांगतो, इथवर आलो की दर वेळी माझंच डोकं फिरतं. त्या एवढ्या मोठ्या जंगलात एकाला, नुसत्या एकाला, पोरीकडं बघावंसं वाटलं नाही. ती तिथंच आईच्या आडोशाला उभी होती.

तेवढ्यात सागाच्या फांदीवर भारद्वाज येऊन बसला. सगळ्यांना दर्शन झालं. सगळ्यांना बरं वाटलं.

"ही म्हणते, टोपल्या तुमच्या मेहुण्यांनी खाल्ल्या," भेकरताई म्हणाली.

भारद्वाजानं साळूबाईकडं पाहिलं. मग जंगलाकडं पाहिलं. "जी बाई स्वतःच्या तोंडानं सांगते की मी खोटं बोलले," तो हळुवार आवाजात म्हणाला, "तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्हीच ठरवा. मी तर आयुष्यात कधी असं कबूल केलेलं नाही."

केवढा मोठा मुद्दा! जंगलाला तो तत्काळ पटला.

तिथल्या तिथं 'दान-फसवणूक प्रतिबंधक समिती' स्थापन झाली. अध्यक्ष म्हणून भारद्वाजाचं नाव गवेपाटलांनी सुचवलं आणि मोरशेटांनी अनुमोदन दिलं. साळूबाईनं परत आणलेल्या टोपल्या पुरावा म्हणून अध्यक्षांच्या ताब्यात देण्यात आल्या. त्या नाल्यापलीकडं रवाना झाल्या. आणि साळूबाईनं सूर्य मावळायच्या आत जंगल सोडावं, असा ठराव झाला. तो हुप्प्यानं पुकारला. साळूबाईचं नाव जंगलात पुकारलं गेलं ते असं.

तिनं घरातले चार कंद बांधून घेतले आणि लेकीला घेऊन निघाली. बारकी हळूहळू चालत होती. पाय टेकत होता. टेकडी चढून त्या माथ्यावर आल्या, तेव्हा मागून हुप्प्याचा आवाज आला. वाऱ्यावर अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

"साळूबाईच्या फसवणुकीला बळी पडलेल्या दानशूरांच्या मदतीसाठी! श्रीमान गवेपाटील यांच्याकडून एक टोपली! अध्यक्ष भारद्वाजराव ती स्वतः पोचवणार आहेत! मंडळ आभारी आहे!"

बारकी थांबली. तिनं कान टवकारून सगळं ऐकून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "ते सगळे फसलेत ना गं? आपल्याकडचा एक कंद देऊन येऊ का मी त्यांना? आता मला चालता येतं."

साळूबाईनं लेकीकडं पाहिलं. तिला हसू आलं आणि रडूही आलं. मग तिनं बारकीला पुढं घातलं आणि दोघी टेकडी उतरून गेल्या.

तात्पर्य : दान नेहमी लांबच्याला द्यावं, चित्र बघून द्यावं आणि पत्ता न विचारता द्यावं. असं दान कधीही परत येत नाही. शेजारणीला मात्र चुकूनही देऊ नये. तिची पोर बरी होते, आपल्या दारावरून रोज चालत जाते, आणि आपण तिला पहिल्यांदा नाही म्हणालो होतो, हे आपल्याला जन्मभर आठवत राहतं.